शटर अडकलंय: उघडावं की थांबावं?

जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं शटर अडकलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, उघडून बघू. दुसरा म्हणतो, हात लावायचा नाही. कोल्हापुरातल्या या घरात दोन्ही पक्ष तुल्यबळ आहेत. सुमनआत्यांची नोकरी पॉलिटेक्निकच्या कार्यशाळेत मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. त्यांचा भाचा नीरज मेकॅनिकल इंजिनिअर. त्याला जुने कॅमेरे जमवायचा आणि फिल्मवर फोटो काढायचा नाद आहे. टेबलावर आहे तो याशिका मॅट-१२४जी. आत्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, म्हणजे नीरजच्या आजोबांनी, याच कॅमेऱ्यावर गावोगावची लग्नं टिपली. आता त्याची क्रँक फिरत नाही आणि बटणही दबत नाही.

नीरज: आत्या, आत काहीतरी जाम झालंय हे उघड आहे. पुढचं पॅनेल काढतो, शटर मोकळं करतो, धुतो आणि परत बसवतो. त्यात अवघड काय आहे?

आत्या: ‘आत काहीतरी’ हे निदान झालं का? पोटात काहीतरी होतंय म्हणून डॉक्टर थेट पोट फाडत नाही. आधी सांग, आत फिल्म आहे का?

नीरज: मागचं झाकण उघडलं की कळेलच.

आत्या: कळेल, आणि त्याच क्षणी ती वाया जाईल. न धुतलेल्या फिल्मवरची प्रतिमा अनेक वर्षांनीही सापडू शकते. फिकी होते, धुरकट होते, पण असते. अण्णांनी शेवटचं काय टिपलं हे तुला नको असेल तर खुशाल उघड.

नीरज: बरं बाई, चेंजिंग बॅगेत घालून उघडतो.

आत्या: हा १२० फिल्मचा कॅमेरा आहे, तेव्हा फिल्मच्या पाठीला कागद असणार. अंधारातच ती हाताने पुढच्या रिळावर घट्ट गुंडाळायची आणि चिकटपट्टी लावायची. ३५ मिमीचा असता तर रिवाइंडचं बटण दाबून फिल्म परत डबीत घ्यायला सांगितलं असतं. त्या कॅमेऱ्यांत तर पुष्कळदा शटर अडकलेलंच नसतं. छत्तीस फ्रेम संपलेल्या असतात, फिल्मचं शेपूट डबीला पक्कं असतं, म्हणून दांडी थांबते. लोक जोर लावतात आणि फिल्मची भोकं फाडून घेतात.

नीरज: आणि बॅटरी विसरलीस. कॅनन एई-१ चं शटर विद्युतचुंबकावर चालतं. सहा व्होल्टची बॅटरी मेली की बटण दाबून काही होत नाही. शटर सुटत नाही, म्हणून दांडीही पुढे जात नाही. विकणारा ‘जॅम’ सांगून स्वस्तात देतो आणि घरी आणून नवी बॅटरी घातली की कॅमेरा ठणठणीत! पेन्टॅक्स के१००० चं उलटं. तिथे बॅटरी फक्त प्रकाश मोजायला लागते, शटर तिच्यावाचून चालतं. पण आपल्या याशिकाचं शटर तर पूर्ण यांत्रिक आहे. तिच्यात हे प्रश्नच येत नाहीत.

आत्या: वेगळे प्रश्न येतात. क्रँक का फिरत नाही?

नीरज: कारण शटर आधीच ताणलेलं असेल. एक फोटो काढल्याशिवाय पुढची फ्रेम येऊ नये म्हणून आत अडसर असतो.

आत्या: म्हणजे क्रँक अडलेली नाही, तिने तुला अडवलंय. कारण तू फोटो काढलेला नाहीस. मग बटण का दबत नाही?

नीरज: ते कळलं असतं तर तुला विचारलं असतं का?

आत्या: बटणाभोवतीची ती बारीक कडी बघ. कुलपाच्या बाजूला वळलीय. बॅगेत चुकून फोटो निघू नये म्हणून अण्णा ती तशीच ठेवत. फिरव.

नीरज: ...दबलं. आणि आता क्रँकही फिरतेय. आत्या, हे तुला आधीपासून माहीत होतं!

आत्या: माहीत होतं. पण तुला विचारायचा होता तो प्रश्न वेगळाच होता. अडकलेल्या यंत्रापुढे बसलं की आपण लगेच म्हणतो, ‘काय तुटलंय?’ त्याऐवजी ‘हे कशाची वाट बघतंय?’ असं विचारावं. कॅमेऱ्यात अडसर मुद्दाम घातलेले असतात. त्यांना बिघाड समजून जोर लावला की मगच खरा बिघाड होतो.

नीरज: पण तुझी ही रीत प्रत्येक कॅमेऱ्याला लागू पडेल असं नाही. नियम तर एकमेकांच्या उलटेही असतात. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला झोर्की-४ घे. त्यात आधी शटर ताणायचं आणि मगच वेग बदलायचा. न ताणता चकती फिरवली तर आतली पिन मोडू शकते. आणि जर्मन कॉम्पूर घराण्यातल्या पात्यांच्या शटरांत? सगळ्यात वरच्या वेगासाठी एक जादा स्प्रिंग जोडली जाते. म्हणून १/५०० हवा असेल तर तो ताणण्याआधीच लावायचा. नंतर लावायला गेलं तर चकती जड लागते आणि आतल्या भागांवर ताण येतो.

आत्या: हे तर माझ्याच बाजूचं बोललास. एका कॅमेऱ्यात शिकलेला हात दुसऱ्याला मोडतो. म्हणून आधी शटर कुठल्या जातीचं आहे ते ओळखायचं. भिंगात बसलेली पाती आहेत की फिल्मपुढचा पडदा? पडदा असेल तर रबर चढवलेलं कापड की धातूची पट्टी? कापडाला बोट लावायचं नाही, धातूच्या पात्यांनाही नाही. या ओळखीसाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही.

नीरज: पण कधीतरी आत हात घालावाच लागतो. हॅसलब्लाड ५००सी बघ, १९५७ चा स्वीडिश कॅमेरा. शटर भिंगात, आरसा पेटीत, आणि भिंग लावताना-काढताना दोन्ही ताणलेले हवेत. भिंगातलं शटर एकटं सुटलं की भिंग निघत नाही आणि क्रँकही फिरत नाही. तिथे कितीही विचार करत बसलीस तरी कॅमेरा सुटणार नाही.

आत्या: आणि तो सुटतो कसा?

नीरज: मागचं मॅगझीन काढायचं, आतल्या झडपा बाजूला करायच्या, लांब स्क्रू ड्रायव्हर घालायचा, भिंगाला जोडणाऱ्या दांड्याची खाच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायची. टक असा आवाज आला की शटर ताणलं गेलं.

आत्या: म्हणजे एकही स्क्रू न काढता! आत स्क्रू ड्रायव्हर गेला खरा, पण कॅमेरा उघडला नाही. माझा विरोध हाताला नाही, नीरज. जे केल्यावर परत पहिल्यासारखं करता येतं ते सगळं कर. फिल्म काढ, बॅटरी बदल, कडी फिरव, खाच फिरव. जे परत करता येत नाही तिथे थांब.

नीरज: ठीक आहे, परत करता येण्याजोगंच करू. फिल्म असली तर आधी चेंजिंग बॅगेत काढून घेतो, मग झाकण उघडं ठेवून प्रत्येक वेगावर शटर सोडतो आणि मागून बघतो. १/२५० छान. १/१२५ छान. १/६०, १/३० बरे वाटतायत. १/१५... उघडलं आणि उघडंच राहिलं. एक सेकंद लावला तरी तेच. बंद होत नाही. हे कसलीही वाट बघत नाहीये, आत्या. हे अडकलंच आहे.

आत्या: हो. हे खरं अडकणं. आणि आता ते नेमकं कुठे आहे हेही कळलं. पाती स्वच्छ आहेत, नाहीतर सगळेच वेग सुस्तावले असते किंवा पात्यांवर तेलाची चकाकी दिसली असती. मंद वेगांसाठी वेगळी गिअरमालिका असते, घड्याळाच्या एस्केपमेंटसारखी. ती पात्यांना थोपवून धरते, ठरलेला वेळ मोजते आणि सोडते. तिच्यातलं ग्रीस वाळलं की ती अर्ध्यात थांबते. सेकंदाला जी बारीक घरघर ऐकू यायला हवी ती ऐकू आली का?

नीरज: नाही. सुरू होताच गप्प झाली. मग आता तरी उघडू?

आत्या: आता फिल्म घाल आणि फोटो काढ. भर उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला १/१२५ आणि एफ/१६ पुरतं. या कॅमेऱ्याचं मीटर पाऱ्याच्या सेलवर चालायचं. तो सेल आता बनत नाही, पण प्रकाश तुझा फोनही मोजतो. चांगले चालणारे वेग आहेत ते वापर.

नीरज: हे मला पटत नाही. अर्धा कॅमेरा चालतोय म्हणून उरलेला अर्धा सोडून द्यायचा? संध्याकाळच्या उजेडात, देवळात, खोलीत कमी वेगाची गरज लागतेच. आणि ग्रीस जागच्या जागी राहत नाही. जुनं झालं की त्यातलं तेल सुटतं आणि पसरत पसरत पात्यांवर येतं. पाती कोरडीच चालायला हवीत. तेलाचा पातळ थरही त्यांना एकमेकींना चिकटवतो. आज गिअर अडलाय, उद्या पाती अडतील.

आत्या: उद्याचं उद्या बघू.

नीरज: इथेच तुझं चुकतं. तू म्हणतेस, परत करता येणार नाही असं काही करू नकोस. पण काहीच न करणं परत करता येतं का? कोल्हापूरचा पावसाळा काय असतो हे तुला सांगायला हवं? चामड्याच्या केसमध्ये ओल धरते. भिंगावर बुरशी चढली की तिचं आम्ल काचेवरचा लेप खातं. मग बुरशी पुसली तरी डाग राहतो. ३५ मिमीच्या जुन्या एसएलआरमध्ये आरसा वर जाऊन आदळतो तिथला फोम सडून डांबरासारखा चिकट होतो. आग्फाच्या घडीच्या जुन्या कॅमेऱ्यांतलं हिरवट ग्रीस इतकं घट्ट झालेलं असतं की फोकसची कडी हलतच नाही. यातल्या कुठल्याही कॅमेऱ्याला कोणी हात लावलेला नव्हता. कपाटात जपून ठेवले होते.

आत्या: हा मुद्दा बिनतोड आहे. थांबण्यालाही किंमत पडते, हे मी विसरत होते.

नीरज: आणि उघडायचं कोणी? पूर्वी मोठ्या गावात एखादा तरी कॅमेऱ्याचा मिस्त्री असायचा. आज असे हात कमी उरलेत, आहेत त्यांचं वय झालंय. नव्या माणसाने चुकत-माकत शिकल्याशिवाय नवा मिस्त्री तयार कसा होणार? आपल्याच गावातलं बघ. बाबूराव पेंटरांना सिनेमाचा कॅमेरा कुठल्या तज्ज्ञाने शिकवला होता? बाबूराव आणि त्यांचे जोडीदार आनंदराव पेंटर यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणला, तो खोलून समजून घेतला, भाग घडवत राहिले. आनंदराव १९१६ मध्ये गेले तरी बाबूराव थांबले नाहीत. सहकारी दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास कॅमेरा उभा केलाच. ‘हात लावायचा नाही’ म्हणत बसले असते तर कोल्हापूरचा सिनेमा झाला असता का?

आत्या: गोष्ट खरी आहे, पण अर्धीच सांगितलीस. त्यांनी खोललं काय? बाजारातून आणलेलं जुनं यंत्र. शिकायसाठीच आणलेलं. ते बिघडलं असतं तर पैसे गेले असते, आठवण गेली नसती. मग कॅमेरा बनवला तोही नवा. बाबूरावांचं नाव घेतोस तर त्यांचा क्रमही घे. आधी परक्या यंत्रावर शिक, मग आपल्याला हात घाल.

नीरज: म्हणजे मेलेला कॅमेरा आणून त्याच्यावर सराव करायचा?

आत्या: अगदी. याच जातीचं पात्यांचं शटर असलेला, भंगार भावात मिळेल तो. तीनदा खोल आणि तीनदा परत बसव. चौथ्यांदा स्क्रू उरला नाही तर बोलू. फक्त फ्लॅश अंगात बसवलेला छोटा कॅमेरा सरावाला घेऊ नकोस. त्याच्या कपॅसिटरमध्ये तीनेकशे व्होल्ट साठलेले असू शकतात, बॅटरी काढल्यावरही.

नीरज: ते माहीत आहे. आणि हत्यारांचंही ऐक, उगाच टोमणे मारायच्या आधी. जपानी कॅमेऱ्यांचे चौफुलीचे स्क्रू जेआयएस मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि डोकं खाऊन टाकतो. मी जेआयएसचा संच घेतलाय. भिंगाच्या कड्यांसाठी रबरी बूच आहे, त्याने काचेला ओरखडा जात नाही. आणि एखादा स्क्रू सुटत नसेल तर मी आधी बघतो की तो उलट्या आट्याचा तर नाही. काही कॅमेऱ्यांत दांडीखाली तसे असतात.

आत्या: तयारी बरी आहे. धुणार कशाने?

नीरज: लायटरच्या पेट्रोलने. नॅफ्था. पटकन उडून जातं.

आत्या: ते उडतं, पण त्यात विरघळलेलं ग्रीस उडत नाही. अख्खं शटर भिजवलंस तर एका कोपऱ्यातला मळ सगळ्या पात्यांवर सारखा पसरेल. पहिल्या दिवशी शटर झकास चालेल, आठवड्याने परत चिकटेल. कापसाच्या बारीक बोळ्याने, थोडं थोडं, दर खेपेला नवा बोळा. खिडकी उघडी आणि जवळपास गॅस-उदबत्ती काही नको. तेल घालावंच लागलं तर गिअरच्या टोकांना सुईच्या अग्रावर मावेल एवढं घड्याळाचं तेल. पात्यांना थेंबही नाही. आणि घरातलं शिलाई मशीनचं तेल किंवा तो फवाऱ्याचा डबा कॅमेऱ्याच्या जवळसुद्धा आणायचा नाही. अडकलेल्या शटरांपेक्षा त्या तेलाने बुडवलेली शटरं जास्त बघितलीत मी.

नीरज: त्यावर आपलं एकमत आहे. पण दुरुस्ती झाली हे ठरवायचं कसं? कानाने?

आत्या: अण्णा कानानेच ठरवत.

नीरज: मी मोजणार. फोन सेकंदाला २४० चित्रं घेतो, म्हणजे एका चित्राला साधारण चार मिलिसेकंद. एक सेकंदापासून १/६० पर्यंत शटर किती चित्रं उघडं राहिलं हे मोजता येतं. १/५०० म्हणजे दोनच मिलिसेकंद, तिथे फोन तोकडा पडतो, प्रकाशाचा सेन्सर लावावा लागेल. पण आपला बिघाड मंद वेगांचाच आहे. उघडण्याआधीचे आकडे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी लिहीन.

आत्या: हे मात्र तुझं माझ्यापेक्षा सरस. मोजमापाच्या कार्यशाळेत आयुष्य काढून मी कानावर विसंबत होते. मोज. आणि उघडण्याआधी एक करून बघ. फिल्मशिवाय सगळ्या वेगांवर शटर सोडत राहा, वरच्या वेगाकडून हळूहळू खाली ये. वर्षानुवर्षं न हललेली गिअरमालिका कधीकधी नुसत्या चालण्याने मोकळी होते. सेल्फ-टायमरच्या दांडीला मात्र हात लावू नकोस. त्याचीही एक जुनी गिअरमालिका असते आणि ती अर्ध्यात थांबली की शटर घेऊन बसते.

नीरज: व्यायामाने मोकळी झाली तरी ग्रीस तिथेच राहणार. सहा महिन्यांत परत तेच.

आत्या: राहणार. मी त्याला दुरुस्ती म्हणत नाही. वेळ मिळतो, एवढंच. त्या वेळात तू सराव कर.

नीरज: आणि तो वेळ कधी संपतो? तुझं ‘थांब’ कधी संपत नाही, आत्या. आजोबा गेल्यापासून हा कॅमेरा थांबलेलाच आहे. मी सराव करतो, फोटो काढून प्रत्येक पायरीची नोंद ठेवतो, सगळं तुझ्या अटींवर. पण माझीही एक अट. पावसाळ्याआधी हा कॅमेरा उघडायचा. एकतर मी, नाहीतर आपण दोघांनी पटवलेला एखादा मिस्त्री. मृगाचा पाऊस पडेपर्यंत नुसती चर्चाच चालू असेल तर तू हरलीस.

आत्या: आणि त्याआधी सरावाच्या कॅमेऱ्यात एकदाही स्क्रू उरला तर तू हरलास, कॅमेरा मिस्त्रीकडे जाईल. चालेल?

नीरज: चालेल. पण मिस्त्रीकडे दिला तरी मी शेजारी बसून बघणार.

आत्या: बसावंच लागेल. कपाटात ठेवून कॅमेरा टिकत नाही हे तू मला पटवलंस, आणि उतावीळ हातात तो टिकत नाही हे मी तुला. आता उरलं एवढंच, की हे काम जाणणारा हात या घरात तयार व्हायला हवा. तो तुझाच असेल, माझी बोटं आता थरथरतात. फक्त उघडशील तेव्हा मला बोलाव. काढलेले स्क्रू कागदावर काढलेल्या चित्रात ठेवायचे की चुंबकाच्या वाटीत, यावर आपलं भांडण अजून बाकी आहे.

नीरज: चुंबक? शटरच्या शेजारी? आत्या, तिथे पोलादाच्या केसाएवढ्या स्प्रिंगा असतात!

आत्या: बघ, आत्ताच सुरू झालं.